पोटातला पळपुटा

मागच्या महिन्यात माझी एंडोस्कोपी झाली. म्हणजे घशातून एक कॅमेरावाली नळी थेट पोटात. ज्यांनी हा अनुभव घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांचा शनिवार मी खराब करत नाही.

कारण नेहमीचंच. तीन वर्षं 'ॲसिडिटी'. आयटीतल्या माणसाला ॲसिडिटी असणं म्हणजे पुण्यातल्या माणसाला मत असण्यासारखं आहे, कोणी दखलच घेत नाही. आईचं कोकम सरबत झालं, आवळा झाला, थंड दूध झालं. ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या शेजारी अँटासिडची पट्टी कायमची राहायला आली. शेवटी एका रात्री रिलीज चालू असताना एवढं दुखलं की लॅपटॉप तसाच ठेवून दवाखाना गाठला.

तर नळी गेली, पोटाच्या अस्तराचा एक कण काढला, तो एका पिवळ्या टिकलीवर ठेवला आणि थोड्या वेळात ती टिकली गुलाबी झाली. डॉक्टर म्हणाले, "हे बघ, पाहुणे आहेत. हेलिकोबॅक्टर पायलोरी. चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. आणि रात्री जेवतोस किती वाजता?"

शेवटच्या प्रश्नाला मी सोयीस्कर बगल दिली आणि उलटा प्रश्न विचारला, "पण डॉक्टर, पोटात तर ॲसिड असतं. त्यात हे जगतात कसे?"

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "ॲसिडमध्ये राहतंय कोण? ते ॲसिडपासून पळतात."

पळतात? मेंदू नाही, डोळे नाहीत, नाक नाही. लांबी मिलिमीटरचा काही हजारावा भाग. आणि हा जीव ओळखतो की इथे धोका आहे आणि पळायचं त्या बाजूला? कुठली बाजू हे त्याला कोण सांगतं? गोळ्यांचे चौदा दिवस मी हेच वाचत बसलो. त्यातून जी गोष्ट हाती लागली ती साडेतीनशे वर्षांची आहे, आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला तर फारच ओळखीची वाटेल अशी आहे. तीच आजची.

*

सुरुवात हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापड दुकानदारापासून. अँटनी व्हान लेव्हेनहूक. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला माणूस, पण स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने जे पाहिलं ते त्याच्या काळात दुसऱ्या कोणाला दिसत नव्हतं. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक लांबलचक पत्र पाठवलं: मिरी भिजवलेल्या पाण्यात इवले इवले जीव पोहताना दिसतात म्हणून. १६८३ च्या पत्रात तो स्वतःच्या दातांवरच्या किटणाकडे वळला. त्यातही तेच, वळवळणारे जीव. मग ह्या गृहस्थाने कडक व्हिनेगर तोंडात घेऊन खळखळून चूळ भरली आणि परत पाहिलं. दातांच्या फटीतले जीव जिवंतच! पण तेच किटण बाहेर काढून त्यात व्हिनेगर मिसळलं की मात्र ते मरत. त्याने निष्कर्ष काढला की व्हिनेगर किटणाच्या आतपर्यंत पोचतच नाही.

ॲसिड, चिकट थर आणि त्याच्या आत सुखात बसलेले जिवाणू. माझ्या पोटाचा पेपर ह्या माणसाने ३४० वर्षं आधीच फोडला होता म्हणायचा :)

असो. ह्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं लोकांनी ह्या जिवांना बघितलं, त्यांची चित्रं काढली, नावं ठेवली. ते पोहतात हे माहीत होतं, पण कुठे आणि का जातात हा प्रश्न कोणी नीट विचारला नव्हता.

तो विचारला जर्मनांनी. थिओडोर एंगेलमन हा उट्रेख्टमध्ये काम करणारा शरीरशास्त्रज्ञ (आणि हौशी संगीतकार, ब्राम्ह्ससारख्या संगीतकाराने आपली एक रचना ह्याला अर्पण केली आहे). १८८१-८२ च्या सुमारास त्याने दाखवलं की शेवाळाच्या तंतूवर उजेड टाकला की जिथे प्राणवायू तयार होतो तिथे जिवाणू गर्दी करतात. तंतूवर लोलकातून इंद्रधनुष्य पाडलं तर जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यात जमतात, हिरव्यात फारसे नाही. म्हणजे पठ्ठ्याने जिवाणूंचाच मीटर म्हणून वापर केला.

पण ह्या विषयाचा खरा जनक व्हिल्हेल्म फेफर. वनस्पतिशास्त्रज्ञ, आधी ट्युबिंगेनला आणि १८८७ पासून लाइपझिगला. त्याचा प्रयोग इतका साधा आहे की शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल. केसासारखी बारीक काचेची नळी घ्यायची, एक टोक बंद, आत मांसाचा अर्क. उघडं टोक जिवाणूंच्या थेंबात बुडवायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. जिवाणू नळीच्या तोंडाशी झुंबड करतात आणि आत शिरतात. आता अर्काऐवजी नळीत आम्ल, अल्कली किंवा अल्कोहोल भरा. तोंडाशी गर्दी तर नाहीच, उलट जिवाणू लांब राहतात. रसायनाकडे जाणं आणि रसायनापासून दूर जाणं, ह्या दोन्हीला मिळून त्याने नाव दिलं: केमोटॅक्सिस. १८८० च्या दशकातली ही गोष्ट.

(चहाच्या टपरीभोवतीची आमच्या ऑफिसची गर्दी म्हणजे धन केमोटॅक्सिस आणि अप्रेझलच्या आठवड्यात मॅनेजरच्या केबिनभोवती पडणारी मोकळी जागा म्हणजे ऋण केमोटॅक्सिस.)

*

इथे पहिला मोठा पेच आला. 'पळतो' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते असं: मांजर दिसलं, उंदराने तोंड फिरवलं, धूम ठोकली. म्हणजे आधी दिशा कळली, मग वळण. जिवाणू असंच करतो का?

अमेरिकेतला हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज ह्याने तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ठरवलं, की नाही. त्याचा आवडता जीव पॅरामेशियम, जो जिवाणू नाही, बराच मोठा आहे. पण १९०१ साली त्याने जिवाणूंवरही काम केलं आणि १९०६ साली खालच्या दर्जाच्या जिवांच्या वर्तनावर त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं: हे प्राणी धोक्याकडे पाठ फिरवत नाहीत. ते सरळ जातात, काहीतरी खटकलं की थांबतात, थोडे मागे येतात, कुठल्याही बाजूला तोंड करतात आणि परत निघतात. परत खटकलं तर परत तेच. कधीतरी योग्य दिशा लागते आणि मग खटकणं थांबतं.

म्हणजे सुकाणू नाही. नुसतं 'ट्राय अगेन'!

हे वाचून मला आमचा एक जुना सर्व्हर आठवला. काहीही झालं की रीस्टार्ट. कारण कोणाला माहीत नाही, पण तीन-चार रीस्टार्टनंतर चालायला लागतो. आम्ही त्याला नावं ठेवायचो. निसर्गाने हाच उपाय अब्जावधी वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालवलाय.

जेनिंग्जनंतर विषय थंडावला. एक अडचण खरी होती. मांसाचा अर्क म्हणजे शेकडो पदार्थांची खिचडी, त्यातलं जिवाणूला काय जाणवतं हे कळायला मार्ग नव्हता. आणि त्याहून मोठा प्रश्न अनुत्तरित होता: जिवाणूला नक्की काय कळतं? साखर ही वस्तू कळते, की साखर खाऊन आलेली तरतरी? विष कळतं, की विषाने झालेली इजा?

प्रश्न साधा वाटतो, पण सगळी गोष्ट ह्याच्यावर अडली आहे. इजा झाल्यावर पळणं आणि इजा होण्याआधी पळणं ह्यात जीव जाण्या-वाचण्याइतका फरक आहे.

*

ह्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस ज्युलियस ॲडलर. १९३० साली जर्मनीतल्या एडेलफिंगेन ह्या गावात जन्म, ज्यू कुटुंब. १९३८ साली, ॲडलर आठ वर्षांचा असताना, कुटुंब देश सोडून अमेरिकेला गेलं. १९३८ साली निघालेले वाचले, 'बघू अजून काय होतंय' म्हणून थांबलेल्यांपैकी लाखो वाचले नाहीत. हा मुलगा मोठा होऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात जिवाणू धोक्याची चाहूल कशी घेतात ह्यावर प्रयोग करत होता. त्याचा संबंध मी जोडत नाही, पण वाचताना थांबलो मात्र.

ॲडलरने फेफरची नळी उचलली आणि तिचं रूपांतर मोजमापात केलं. जिवाणू ई. कोलाय, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा, बहुतेक वेळा निरुपद्रवी आणि ज्याची जनुकं तोपर्यंत बऱ्यापैकी ओळखीची झाली होती. अर्काच्या जागी एकच शुद्ध रसायन. नळी तासभर ठेवायची आणि मग आत शिरलेले जिवाणू पेट्री डिशवर वाढवून मोजायचे. 'गर्दी दिसली' ह्याऐवजी आकडा.

१९६९ साली त्याने निकाल मांडला. गॅलॅक्टोज ही साखर पचवूच न शकणारे जिवाणू त्याने घेतले. साखरेचा उपयोग शून्य. तरीही ते गॅलॅक्टोजकडे धावले! उलट, खाण्यासारखे काही पदार्थ होते ज्यांच्याकडे जिवाणूंनी ढुंकून पाहिलं नाही. म्हणजे जिवाणूला फायदा कळत नाही. त्याच्याकडे त्या त्या रेणूसाठी वेगळे सेन्सर आहेत आणि त्याला फक्त रेणू कळतो.

मग विषाचं काय? १९७४ साली वुंग-वाय त्सो आणि ॲडलर ह्यांनी पळवून लावणाऱ्या रसायनांवर मोठा निबंध लिहिला. आगरच्या गोळीत रसायन भरायचं, ती जिवाणूंच्या थरात ठेवायची आणि तिच्याभोवती मोकळं वर्तुळ पडतं का बघायचं. यादी मोठी झाली: ॲसिटेटसारखी आम्लं, अल्कोहोल, ल्युसिनसारखी काही अमिनो आम्लं, बेंझोएट, सॅलिसिलेट, निकेल आणि कोबाल्टचे आयन, शिवाय जास्त आम्लता. आणि इंडोल, ज्याच्यामुळे शौचाला त्याचा तो सुप्रसिद्ध वास येतो. गंमत म्हणजे इंडोल ई. कोलाय स्वतःच तयार करतो!

पण खरी मेख पुढे आहे. ह्यातली बहुतेक रसायनं जिवाणूला हानिकारक खरी, पण सगळी नाहीत. जी हानिकारक आहेत त्यांच्यापासूनही जिवाणू पळतो ते इजा होण्याच्या कितीतरी आधी, अगदी निरुपद्रवी प्रमाण असतानाच. आणि काही विषं अशी, की जिवाणूला ठार करतील पण तो हलत नाही, कारण त्यांच्यासाठी सेन्सरच नाही.

म्हणजे 'जिवाणू धोक्यापासून पळतो' हे वाक्यच चुकीचं आहे. जिवाणू काही खुणांपासून पळतो. ज्या खुणा त्याच्या पूर्वजांच्या काळात धोक्याबरोबर येत होत्या, त्या. नवा धोका, ज्याची खूण यादीत नाही, तो त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आपल्या मॉनिटरिंगसारखंच. ज्याचा अलर्ट लिहिलाय तेच वाजतं. सर्व्हर पडतो तो नेहमी अलर्ट न लिहिलेल्या कारणाने.

*

आता दुसरा प्रश्न. रेणू कळला, पण दिशा कशी कळली?

सोपा तर्क असा: पुढे एक नाक, मागे एक नाक, दोन्हींची तुलना. पण ई. कोलायची लांबी दोन मायक्रॉन. एवढ्याशा अंतरावर रसायनाच्या प्रमाणात फरक इतका किरकोळ, की रेणूंच्या सहज हेलकाव्यात तो बुडून जाईल.

१९७२ साली बर्कलीच्या रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कॉशलंड ह्यांनी एक झकास चाल केली. त्यांनी साल्मोनेला जिवाणू आणि सेरिन नावाचं आवडतं रसायन क्षणात एकत्र मिसळलं. मिसळल्यावर द्रव सगळीकडे सारखा. पुढे-मागे फरकच नाही, म्हणजे दोन नाकांना काही कळायलाच नको. तरीही जिवाणू बराच वेळ न अडखळता सरळ पोहत राहिले, जणू काही आपण योग्य दिशेने चाललोय! उलट प्रमाण एकदम कमी केलं तर ते जागच्या जागी कोलांट्या खात राहिले.

अर्थ एकच. जिवाणू दोन जागांची तुलना करत नाही. तो दोन क्षणांची तुलना करतो. मघाशी किती होतं, आता किती आहे. त्याला स्मरणशक्ती आहे! पुढे १९८६ साली हॉवर्ड बर्गच्या गटाने मोजलं: गेल्या सेकंदाची तुलना तो त्याआधीच्या साधारण तीन सेकंदांशी करतो. चार सेकंदांचा लॉग, बस्स.

ह्या बर्गबद्दल सांगायलाच हवं. मूळचा भौतिकशास्त्राचा माणूस. त्याने कोलोरॅडोत असताना एक असा सूक्ष्मदर्शक बनवला, की जिवाणू जिकडे जाईल तिकडे नमुन्याची डबीच हलवून त्याला सतत मधोमध ठेवायचं, तिन्ही मितींत. १९७२ साली त्याने आणि डग्लस ब्राउनने त्या नोंदी छापल्या. जिवाणू साधारण एक सेकंद सरळ धावतो, मग सेकंदाच्या दहाव्या भागात एक कोलांटी, मग नव्या दिशेने परत धाव. नवी दिशा जवळजवळ नशिबाने. फक्त परिस्थिती सुधारत असेल तर धाव लांबते. एवढंच. जेनिंग्जचं 'ट्राय अगेन' आता आकड्यांत आलं.

१९७३ साली बर्ग आणि रॉबर्ट अँडरसनने मांडलं की जिवाणूच्या शेपट्या चाबकासारख्या हलत नाहीत, त्या मुळाशी असलेल्या मोटरने चक्क गोल फिरतात. पुढच्या वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन ह्यांनी शेपटी काचेला चिकटवून टाकली तर जिवाणूच गरगर फिरताना दिसला. आणि १९७४ सालीच ॲडलरच्या गटाने (त्यात आपले त्सो होतेच) दाखवलं: आवडतं रसायन दिलं की मोटर घड्याळाच्या उलट फिरते, सगळ्या शेपट्यांची एक जुडी होते आणि जिवाणू सरळ जातो. नावडतं दिलं की मोटर घड्याळाच्या दिशेने, जुडी सुटते, कोलांटी.

सुकाणू नाही, ब्रेकही नाही. (ब्रेकची गरजच नाही. एडवर्ड पर्सेल ह्या नोबेलविजेत्याने हिशेब केला होता की मोटर बंद केली तर जिवाणू एका अणूच्या रुंदीइतकाही पुढे घसरत नाही, पाणी त्याच्यासाठी इतकं घट्ट असतं.) आहे तो फक्त एक बिट: सरळ किंवा कोलांटी.

*

आता माझा आवडता भाग. माझी डिग्री इन्स्ट्रुमेंटेशनची, नोकरी जावाची. चार वर्षं पीआयडी कंट्रोलर शिकलो आणि नंतर तो आयुष्यात कुठे दिसला नाही. दिसला तो थेट इथे.

आतली वायरिंग गेल्या पन्नास वर्षांत उलगडली. जिवाणूच्या टोकाशी सेन्सरचा एक पुंजका असतो. त्याला जोडलेलं एक प्रथिन, चे-ए. (चे गव्हेराशी संबंध नाही, केमोटॅक्सिसमधली पहिली तीन इंग्रजी अक्षरं.) नावडता रेणू आला की चे-ए जोरात कामाला लागतं आणि चे-वाय नावाच्या निरोप्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं. शिक्का बसलेला चे-वाय तरंगत मोटरपर्यंत जातो आणि तिला उलटी फिरवतो. कोलांटी. चे-झेड हा तिसरा गडी शिक्के पुसत राहतो, म्हणजे जुने निरोप रेंगाळत नाहीत.

मग स्मरणशक्ती कुठे आहे? ती सेन्सरवरच आहे. प्रत्येक सेन्सरवर चार-पाच जागा असतात, तिथे मिथाइल गट चिकटवता किंवा काढता येतो. १९७५ साली ॲडलरच्या गटाने हे पकडलं. चे-आर चिकटवतो, चे-बी काढतो. नावडतं रसायन वाढलं, चे-ए भडकलं, की ते चे-बीलाही जागं करतं. चे-बी मिथाइल काढायला लागतो, सेन्सर हळूहळू थंड होतो आणि चे-ए पूर्वीच्या पातळीवर येतं. पण ह्याला वेळ लागतो. तो उशीर म्हणजेच आठवण! मिथाइलची संख्या सांगते 'मघाशी काय होतं', सेन्सरवर बसलेला रेणू सांगतो 'आता काय आहे', आणि चे-ए ह्या दोघांतला फरक वाचतं.

१९९७ साली नामा बरकाई आणि स्टानिस्लास लाइब्लर ह्यांनी गणिताने दाखवलं, की ही रचना तिच्यातल्या प्रथिनांचं प्रमाण कमीजास्त झालं तरी अचूक मूळ पातळीवर परत येते. दोन वर्षांनी प्रयोगानेही ते सिद्ध झालं. आणि २००० साली कंट्रोल थिअरीवाल्यांनी सांगितलं: अहो, हे तर इंटिग्रल फीडबॅक आहे! पीआयडीतला 'आय'. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातला.

ह्याचा परिणाम लक्षात घ्या. ह्या यंत्रणेमुळे जिवाणू अगदी पातळ द्रावणातही बदल पकडतो आणि दाट द्रावणातही. पण किंमतही मोजावी लागते. सगळीकडे सारखंच पसरलेल्या नावडत्या रसायनात जिवाणू ठेवला, तर आधी तो धडपडतो, आणि मग थोड्या वेळाने पूर्वीसारखा शांतपणे पोहायला लागतो. रसायन तिथेच असतं. अलार्म शून्यावर आलेला असतो. त्याला पातळी कळत नाही, फक्त बदल कळतो.

*

आता परत माझ्या पोटात. (नळी नको, नुसतं कल्पनेने.)

१९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन ह्या पॅथॉलॉजिस्टला पोटाच्या नमुन्यांत वाकडे जिवाणू दिसायला लागले. पोटात जिवाणू जगूच शकत नाहीत अशी तेव्हा सगळ्यांची खात्री होती. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्याला येऊन मिळाला. जिवाणू प्रयोगशाळेत काही वाढेनात. १९८२ च्या ईस्टरला जोडून सुट्ट्या आल्या, कोणी डिश टाकून दिल्या नाहीत आणि सुट्टीवरून येऊन बघतात तर जिवाणू उगवलेले! (लाँग वीकएंडचं विज्ञानाला योगदान. एचआरला फॉरवर्ड करावं म्हणतो.) तरीही लोक ऐकेनात म्हणून १९८४ साली मार्शल स्वतः जिवाणूंचं पाणी प्याला आणि जठराला सूज आणवून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल.

हा जिवाणू पोटाच्या आम्लात राहतच नाही. पोटाच्या अस्तरावर श्लेष्माचा थर असतो. त्याच्या आतल्या बाजूला कडक आम्ल, पण अस्तराला चिकटून जवळजवळ साधं पाणी. हेलिकोबॅक्टर युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो (टिकली गुलाबी झाली ती त्याच्यामुळे) आणि आम्लापासून दूर पोहत अस्तराजवळ जाऊन राहतो. २००४ साली जर्बिल ह्या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग झाला: श्लेष्मातला आम्लतेचा चढ-उतार घालवून टाकला, तर हे जिवाणू दिशाच हरवून बसले आणि थरभर विखुरले. श्लेष्माचा थर सतत बाहेर ढकलला जात असतो, त्यामुळे ह्याला एकदा पळून भागत नाही. आयुष्यभर पळावं लागतं. ज्याची शेपटी चालत नाही तो पोटात टिकत नाही.

आणि हा पळपुटा पळतो तेव्हाच टिकतो आणि टिकतो म्हणून माझं पोट दुखतं. त्याच्यासाठी जी सुटका, तो माझा अल्सर.

गोळ्यांचा कोर्स संपला. महिनाभराने परत टेस्ट आहे. पाहुणे गेले की नाही ते तेव्हा कळेल. पण ह्या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेलिकोबॅक्टरचं नाही, ई. कोलायचं. तो शून्यावर येणारा अलार्म.

पहिल्यांदा पोट दुखलं तेव्हा मी घाबरलो होतो, हे मला स्पष्ट आठवतंय. सुट्टी टाकली होती, दोन दिवस मुगाची खिचडी खाल्ली होती. दुसऱ्या वेळी नुसती गोळी घेतली. तिसऱ्या महिन्यापासून ड्रॉवरमध्ये पट्टी आली आणि मग दुखणं हीच नॉर्मल पातळी झाली. रात्री दोनचे रिलीज, अकराचं जेवण, सहावी कॉफी, हे सगळं रोज तेवढंच. बदल शून्य म्हणून अलार्म शून्य. तीन वर्षांनी दुखणं एकदम वाढलं तेव्हा कोलांटी खाल्ली. मधल्या तीन वर्षांत कोणी विचारलं असतं तर मी मनापासून सांगितलं असतं, "मस्त चाललंय."

जिवाणूला दोष देता येत नाही. त्याच्याकडे चार सेकंदांचा लॉग आहे. माझ्याकडे तीन वर्षांचा होता, मी उघडून पाहिला नाही.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर काल फोनवर दिलं. रात्रीचं जेवण आता साडेआठला. ते म्हणाले, "बघू किती दिवस टिकतंय." आईला कळवलं तर ती म्हणाली, "तीन वर्षं मी काय वेगळं सांगत होते रे?"

ह्याच्यावर उत्तर नाही. भेटू पुढच्या शनिवारी. साडेआठच्या आत.